घरी शिवलेली स्लिप वर का चढते? आणि कापड कोणतं घ्यावं?

घंटाळीची_लेक | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. शिवणाचा नाद बऱ्याच वर्षांनी पुन्हा लागलाय आणि पहिल्याच कामात अडकले आहे, म्हणून हा धागा.

माझ्याकडे ब्लॉक प्रिंटचे चार मलमलचे ड्रेस आहेत. गुडघ्याखाली चार बोटं येणारे, आत अस्तर नाही, उन्हात उभं राहिलं की आरपार दिसतं. तयार स्लिप शोधल्या, तर एक तर मांडीपर्यंतच किंवा छातीला बसली की खाली घट्ट. शिंपीकाकांकडे गेले. ते म्हणाले, "ताई, तुमच्या एका स्लिपच्या वेळात माझे दोन ब्लाउज होतात." त्यांचंही खरंच आहे. म्हणून घरीच शिवायला घेतली.

जांभळी नाक्यावरून क्रीम रंगाचं साटन आणलं, ४४ पन्हा (म्हणजे ४४ इंच रुंद), अडीच मीटर. जुन्या बिनबाह्यांच्या कुर्त्यावर ठेवून बेतलं. खांद्याला बारीक पट्ट्या, खाली सरळ घेर. हँगरवर इतकी सुंदर दिसत होती की आईला बोलावून दाखवली.

अंगात घालून बाहेर पडले आणि सगळं बिघडलं. घरापासून स्टेशनपर्यंत पंधरा मिनिटं चालले तर स्लिप चार बोटं वर. ऐरोलीला उतरले तेव्हा कंबरेशी गोळा झालेली. ऑफिसच्या एसीत वरचा ड्रेस तिला चिकटून बसतो. शिवाय मुंढ्याखाली (हात घालतो त्या कापाखाली) झोळ येतो, हात उचलला की फाकतो.

माझी मापं इंचांत: वरची छाती (काखेखालून, उभाराच्या वर) ३७, भर छाती ४०, कंबर ३४, सीट (नितंबांचा घेर) ४३, उंची ५ फूट ३ इंच.

साटन घेतलं तिथेच चुकलं का? कॉटन घेऊन परत शिवू? पुढचं कापड फाडायच्या आधी नीट समजून घ्यायचंय.

---

मोगरा_७ | सोमवार, रात्री ९:५८

कॉटन घ्या, डोळे मिटून. आपल्या हवेत दुसरं काही घालवत नाही. मी कायम कॅम्ब्रिकच्याच शिवते.

---

कोलशेत_काकू | सोमवार, रात्री १०:१५

मोगरा, माझा अनुभव थोडा वेगळा आहे. सुती ड्रेसखाली सुती स्लिप एकमेकींना धरून ठेवतात. पाऊल टाकलं की दोन्ही कापडं एकत्र पायांत येतात. मलमलखाली कॅम्ब्रिक घालून मी एकदा तलावपाळीला चक्कर मारायला गेले, तर अर्धा वेळ ड्रेस सोडवण्यातच गेला. स्लिप या शब्दातच निसटणं आहे, वरच्या कापडापेक्षा ती गुळगुळीतच हवी.

आणि अजून एक. जुलैत आमच्या घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये जाड सुती कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. रोज लागणारी वस्तू असेल तर हेही बघावं लागतं.

---

मोगरा_७ | सोमवार, रात्री १०:२२

वाळण्याचा मुद्दा मान्य काकू. मी सहा शिवून ठेवल्यात म्हणून मला जाणवलं नसेल.

---

शिंप्याचा_मुलगा | सोमवार, रात्री ११:०५

धागा बायकांचा आहे, पण माझ्या वडिलांचं वाशीत पस्तीस वर्षं शिवणकामाचं दुकान होतं आणि काजं-बटणं करत मी तिथेच वाढलो, म्हणून लिहितो.

ताई, कापडाचा विचार जरा बाजूला ठेवा. स्लिप वर चढते याचा पहिला अर्थ खाली तिला जागा नाही. चालताना मांड्या आणि सीट कापडाला ढकलतात. सैल असेल तर ते पुन्हा खाली येतं. घट्ट असेल तर जिथे शरीर अरुंद आहे तिकडे सरकतं, म्हणजे तुमच्या कंबरेकडे. साटन गुळगुळीत, त्यामुळे लवकर सरकलं इतकंच. कॉटन त्याच मापात शिवलंत तर तेही चढेल, फक्त चढून तिथेच अडकून बसेल.

शिवलेली स्लिप सपाट पसरा आणि कंबरेखाली साधारण ८ इंचांवर, जिथे तुमची सीट भरते तिथे, टेप लावून मोजा. दुप्पट केल्यावर किती येतं?

---

घंटाळीची_लेक | मंगळवार, सकाळी ७:१०

मोजलं. ४४.

म्हणजे अंगापेक्षा फक्त १ इंच जास्त. कुर्त्याला बाजूला चिरा होत्या, म्हणून तो कधी घट्ट वाटला नव्हता. स्लिपला मी चिरा दिल्याच नाहीत.

---

शिंप्याचा_मुलगा | मंगळवार, सकाळी ७:३१

सापडलं. बसल्यावर सीट दीड-दोन इंचांनी सहज पसरते, तो १ इंच तिथेच संपतो. न ताणणाऱ्या कापडात सीटला किमान ३ इंच, घेर सरळ असेल तर ४ इंच सुटं ठेवा. म्हणजे तयार माप ४६ ते ४७. छातीला अडीच-तीन इंच पुरे.

कंबरेला मात्र मोह आवरा. तुमची कंबर ३४ असली तरी स्लिप डोक्यातून घालायची तर तिथूनच ४० ची छाती पार व्हायची आहे. ४० च्या खूप आत आणलंत तर बाजूला चेन लावावी लागेल, आणि पातळ ड्रेसखाली चेनचा उंचवटा दिसतो. आमच्या दुकानात बाबा स्लिपची कंबर कधीच आवळत नसत.

---

नेरूळ_प्रयोगशाळा | मंगळवार, दुपारी १:२०

वरच्या दोघांचं वाचून चिकटण्याबद्दल लिहिते. शाळेत भौतिकशास्त्र शिकवते.

चढणं आणि चिकटणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. चढण्याचं उत्तर दादांनी दिलंच आहे. चिकटणं हे स्थिर विद्युतभाराचं काम. दोन वेगळी कापडं एकमेकांवर घासली की एकावरचे इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. सुती कापड हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे त्यावरचा भार हळूहळू निघून जातो. पॉलिस्टर जवळजवळ पाणी शोषतच नाही, भार तिथेच साठून राहतो. रस्त्यावर आपल्याकडे हवा दमट असते म्हणून जाणवत नाही. एसी हवेतलं पाणी काढून टाकतो, म्हणून ऑफिसात जाणवतं. ताईंनी स्टेशनवर चढण्याची आणि ऑफिसात चिकटण्याची तक्रार केली आहे, ती याच्याशी तंतोतंत जुळते.

आता साटन. साटन हे धाग्याचं नाव नाही, विणीचं आहे. रेशमाचं साटन असतं, सुती असतं, व्हिस्कोसचं असतं. बाजारात स्वस्त मिळतं ते बहुतेक पॉलिस्टरचं. तुमच्याकडे कातरण उरलं असेल तर चार धागे ओढून काढा, चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली आणि शेजारी पाणी ठेवून पेटवा. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सुती किंवा व्हिस्कोस. वितळून आखडलं आणि गार झाल्यावर कडक मणी उरला तर पॉलिस्टर. मणी गरम असताना हात लावू नका, त्वचेला चिकटतो.

---

घंटाळीची_लेक | मंगळवार, रात्री ८:४५

मणी आला, काळा आणि टणक. दुकानात "प्युअर आहे" एवढंच सांगितलं होतं आणि मीही कशाचं प्युअर ते विचारलं नाही.

---

ऐरोली_सेक्टर_८ | मंगळवार, रात्री ९:०२

तोपर्यंत तात्पुरता इलाज: आंघोळीनंतर पायांना थोडं लोशन लावायचं आणि स्लिपच्या आतल्या शिलाईवर एक सेफ्टी पिन लावून ठेवायची. मी वर्षभर हेच करतेय, बराच फरक पडतो. आपण एकाच गाडीने जात असू बहुतेक!

---

कोलशेत_काकू | मंगळवार, रात्री ९:३०

कापडाचं माझ्या परीने सांगते. गेली बारा-तेरा वर्षं मी स्वतःच्या आणि दोन सुनांच्या स्लिप शिवतेय.

मलमलच्या ड्रेसखाली मला सगळ्यात आवडलं ते मोडाल साटन, म्हणजे व्हिस्कोसच्याच जातीच्या धाग्याचं. अंगाला गार, वरून गुळगुळीत, चिकटत नाही. दुसरं, अस्तराचं पातळ व्हिस्कोस. पण व्हिस्कोस ओलं असताना अशक्त होतं, पिळायचं नाही, नुसतं निथळत ठेवायचं. जॉर्जेट किंवा शिफॉनच्या ड्रेसखाली क्रेप चालतो. टू बाय टू रुबिया ब्लाउजला उत्तम, स्लिपला मात्र माझ्या मते जड. अस्तर म्हणून दुकानात जे काही दाखवतात त्याच्या नावावर जाऊ नका. तेच नाव दोन दुकानांत दोन वेगळ्या धाग्यांना लावलेलं मी पाहिलंय. कातरण मागून घ्या आणि नेरूळच्या बाई म्हणतात तसं जाळून बघा.

रंगाचं तर प्रत्येकीला सांगते. पांढऱ्या ड्रेसखाली पांढरी स्लिप नको, तिची कड लांबून दिसते. अंगाच्या रंगाच्या जवळ जाणारा रंग घ्या, तो वरून दिसतच नाही.

आणि कापड आणल्या आणल्या कापायला बसू नका. रात्रभर पाण्यात, सावलीत वाळवा, मग इस्त्री. मी एकदा अडीच मीटर व्हिस्कोस भिजवलं तर १० सेंटीमीटर आटलं. शिवून झाल्यावर आटलं असतं तर स्लिप नातीला द्यावी लागली असती.

---

गोखले_रोड | मंगळवार, रात्री १०:१०

अवांतर: आमच्या लहानपणी याला शमीज म्हणायचे आणि शाळेच्या पातळ युनिफॉर्मखाली ती घातलीच पाहिजे असा आजीचा कायदा होता. आजी जुन्या धोतराच्या शिवायची. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं कापड पुन्हा कुठे मिळालं नाही. गळ्याला क्रोशाची बारीक जाळी असायची. एक अजून जपून ठेवली आहे.

---

मोगरा_७ | मंगळवार, रात्री १०:१४

अगदी अगदी! आमच्याकडे तिला पेटीकोट म्हणायचे. आणि साडीखालचा तो परकर, त्याला कुणी पेटीकोट म्हटलं तर आई रागवायची.

---

उरेब | बुधवार, सकाळी ११:४०

इतक्या चर्चेत उरेब कापाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

कापड उभ्या धाग्यावर न ठेवता ४५ अंशांत तिरपं ठेवून बेतलं की तेच न ताणणारं कापड अंगाबरोबर थोडं ताणतं. टक्स (आकारासाठी शिवलेल्या निमुळत्या चुण्या) कमी लागतात, चेन लागत नाही, पाऊल टाकलं की घेर सोबत हलतो. पॅरिसच्या मादलेन व्हिओने यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत पूर्ण पोशाख उरेब कापून नाव कमावलं. आधी लहान लाकडी बाहुलीवर कापड लपेटून त्या आकार शोधत असत.

माझी पहिली सरळ कापाची स्लिपही वर चढायची. उरेब शिवल्यापासून कधीच चढली नाही.

---

शिंप्याचा_मुलगा | बुधवार, दुपारी १२:३०

उरेबताई, काप सुंदरच आहे, वाद नाही. पण ज्यांची ही दुसरीच स्लिप आहे त्यांना मी लगेच सुचवणार नाही. निसरडं कापड तिरपं ठेवून बेतताना एक बाजू अर्धा इंच जरी सरकली तरी स्लिप अंगावर फिरते, बाजूची शिलाई पोटावर येते. बाबा उरेब कामाला वेगळा दर घ्यायचे, कारण ते झुलवून ठेवावं लागतं.

---

उरेब | बुधवार, दुपारी १:०५

झुलवण्याचं बरोबर. दोन्ही भाग जोडून, पट्ट्या लावून एक अख्खा दिवस हँगरला टांगायचं. कापड आपल्याच वजनाने खाली येतं, कुठे जास्त कुठे कमी. त्यानंतरच अंगावर घालून, जमिनीपासून पट्टीने मोजून खालची कड सारखी करायची आणि मग दुमडायची. याला पर्याय नाही.

पण नवशिक्यांनी करूच नये हे मला पटत नाही. मी नवशिकीच होते. पुढचा आणि मागचा भाग दोन्ही अखंड कापायचे, कापड दुहेरी करायचं नाही. खाली जुनी सुती चादर अंथरायची म्हणजे साटन घसरत नाही. टाचण्यांऐवजी वजन ठेवायचं. बाजूच्या शिलाईला अगदी अरुंद झिगझॅग लावायचा, नाही तर कापड ताणलं की दोरा तुटतो. आणि पन्हा ५८ घ्या. ४४ पन्ह्यात या मापाची उरेब स्लिप जोड दिल्याशिवाय बसणं कठीण.

---

गोखले_रोड | बुधवार, दुपारी १:३०

वजन म्हणून काय ठेवता?

---

उरेब | बुधवार, दुपारी १:३३

वरवंटा, खलबत्ता आणि स्टीलचे दोन डबे. मिक्सर आल्यापासून वरवंट्याला घरात पहिल्यांदाच रोजचं काम मिळालंय.

---

कोलशेत_काकू | बुधवार, दुपारी ४:१५

मी एक जुनी युक्ती सांगते. फार निसटणारं कापड असेल तर भाताच्या पेजेची पातळ खळ द्यायची, वाळवून इस्त्री करायची. कागदासारखं कडक होतं. बेता, शिवा, मग धुऊन टाका. मोडालला केली आहे, काही झालं नाही. आधी तुकड्यावर बघा.

आता मुंढ्याच्या झोळाचं, ते राहूनच गेलं. ताई, तुमची वरची छाती ३७ आणि भर छाती ४०. फरक ३. कुर्ता सैल होता म्हणून झाकलं गेलं. स्लिपमध्ये छातीचं कापड जिथे भरतं तिथे टक्स नसेल तर जास्तीचं कापड मुंढ्यात येऊन फाकतं. मुंढा कापून लहान करायला जाऊ नका, मी आधी तेच करायचे आणि आणखी बिघडायचं.

कागदी बेत वरच्या छातीच्या मापाने काढा. साध्या बेतात २ इंचांचा फरक धरलेला असतो, तुमचा १ जास्त. तो डाव्या-उजव्या अर्ध्यांत वाटला की प्रत्येकी अर्धा इंच. पुढच्या भागाच्या कागदावर छातीचं टोक खूण करा. तिथून एक रेघ सरळ खाली घेरापर्यंत, दुसरी मुंढ्याच्या खालच्या भागात, तिसरी काखेखाली बाजूच्या शिलाईकडे. पहिल्या दोन रेघा सलग कापा, मुंढ्यापाशी कागद एक धाग्याएवढा जोडलेला ठेवा. तिसरी बाजूकडून टोकापर्यंत कापा. आता टोकापाशी अर्धा इंच फाकवा. बाजूला जी फट पडेल तोच तुमचा टक्स. खाली घेरही त्याच वेळी वाढतो, तो तुम्हाला हवाच आहे. टक्सचं टोक छातीच्या टोकाच्या पाऊण इंच अलीकडे थांबवा, नाही तर टोचल्यासारखं दिसतं.

लिहून कळलं नसेल तर कागद घेऊन हातात कापून बघा. कापल्यावर लगेच समजतं.

---

नेरूळ_प्रयोगशाळा | बुधवार, सायंकाळी ६:००

काकू, आत्ता वर्तमानपत्र कापून बघितलं. पाचव्या मिनिटाला कळलं. वीस वर्षं मी मुंढे कापत आले होते.

---

पिको_फॉल | बुधवार, रात्री ८:२०

मशीनबद्दल थोडंसं. पातळ कापडाला ९ किंवा ११ नंबरची नवी सुई लावा. घरच्या मशीनला बहुतेक १६ नंबरची असते, तिने साटनचे धागे ओढले जातात आणि टिपेशेजारी रेषा पडते. टाका लहान ठेवा. कापड सुईखाली ओढलं जात असेल तर सुरुवातीला खाली पातळ कागद धरून टीप मारा, नंतर फाडून टाका.

बाजूला इंटरलॉकपेक्षा बंद शिलाई बरी: आधी सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर टीप, कडा छाटा, उलटवा, पुन्हा टीप. कडा आत बंद होतात, टोचत नाही, धागे सुटत नाहीत. गळा आणि मुंढा कापल्या कापल्या कडेजवळ एक टीप मारून ठेवा, हाताळताना ताणला जात नाही.

---

मोगरा_७ | बुधवार, रात्री ८:४०

वाचनखूण साठवली. आणि पुढची स्लिप मोडालची करून बघते, कॅम्ब्रिकला थोडी सुट्टी.

---

घंटाळीची_लेक | अडीच आठवड्यांनी, रविवार, दुपारी ३:१५

धागा वर काढते. सगळ्यांना कळवायचं होतं.

आधी जुन्या चादरीची कच्ची स्लिप केली, नुसत्या धावदोऱ्याने. सीटला ४७, छातीला ४३, कंबर ४१, काकूंचा अर्ध्या इंचाचा टक्स. ती घालून घरात झाडलं, पुसलं, मांडी घालून बसले, स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढला. वर चढली नाही. मुंढाही बसला. फक्त टक्स अर्धा इंच वर होता, तो खाली घेतला.

मग कापड. हिंदमाताला गेले, मोडाल साटन, ४४ पन्हा, सव्वादोन मीटर. सरळ कापाला पुढचा भाग आणि मागचा भाग एकाखाली एक बसवले, तेवढं पुरलं. कातरण जाळून पाहिलं, कागदाचा वास. भिजवलं, खळ दिली. खळीमुळे कापणं इतकं सोपं गेलं की वरवंटा काढावा लागला नाही. मागे मधोमध ८ इंचांची चीर ठेवली. लांबी ड्रेसपेक्षा एक इंच कमी.

शुक्रवारी घालून गेले. घंटाळीपासून स्टेशन, ऐरोली, दिवसभर एसी, परत येताना जांभळी नाक्यावर भाजी. संध्याकाळी आरशासमोर बघितलं तर खालची कड सकाळी होती तिथेच. मी चार वेळा खाली वाकून पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत.

पहिल्या साटनच्या स्लिपच्या दोन्ही बाजू उसवून सीटपासून खाली त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यांच्या तिकोनी कळ्या घातल्या. आता तीही चढत नाही. एसीत चिकटते, म्हणून ती सुटीच्या दिवशी बाहेर जायला ठेवली आहे.

एकच अडचण उरली. डाव्या खांद्याची पट्टी सारखी घसरते. उजवी नाही.

---

शिंप्याचा_मुलगा | रविवार, दुपारी ३:५०

अभिनंदन ताई! साटनची वाचवलीत याचा जास्त आनंद झाला.

बहुतेकांचा एक खांदा थोडा उतरता असतो, पर्स नेहमी कोणत्या खांद्याला असते तेही बघा. पट्टी आखडून घट्ट करू नका, काखेखाली वळ उठेल. मागे पट्टी जिथे जोडली आहे तिथून उसवा आणि एक इंच पाठीच्या मध्याकडे सरकवा. दोन्ही बाजूंना सारखीच सरकवा. आणि मॅचिंग सेंटरमधून रिंग-स्लायडर आणून लावा, म्हणजे डावी-उजवी वेगवेगळी लहानमोठी करता येईल.

---

घंटाळीची_लेक | रविवार, सायंकाळी ७:२०

सरकवली. दोन मजले उतरून चढून आले, जागची हलली नाही. पर्स डाव्याच खांद्याला असते.

आईने तिच्या मापाची मागितली आहे. उरेबताई, तिच्यासाठी तुमचा काप करून बघायचाय, तिला बाजूची शिलाई टोचते. ५८ पन्हा अडीच मीटर पुरेल का? छाती ३८, सीट ४१, लांबी ३८.

---

उरेब | रविवार, सायंकाळी ७:४५

पुरेल. आधी कागदी बेत दोन्ही तिरपे मांडून बघा, एकाचा घेर दुसऱ्याच्या गळ्याकडे येईल असे. आणि टांगायला जाड हँगर घ्या, तारेचा नको, पट्ट्यांना घडी पडते.